नाताळ बाजारातल्या साखरेची कुळकथा

जर्मनीतल्या नाताळ बाजारात सर्वांत जास्त गर्दी दोन ठिकाणी असते. एक, दालचिनी-लवंग घालून गरम केलेल्या वाइनच्या टपरीपुढे. आणि दुसरी, तांब्याच्या कढईत बदाम साखरेत घोळणाऱ्या माणसापुढे. वाइनविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मला बदामांविषयी सांगायचे आहे, आणि त्याहून जास्त त्या बदामांवर चढणाऱ्या साखरेविषयी. कारण मी कळंबचा आहे. इंदापूर तालुक्यातले, नीरेच्या काठचे हे गाव. वालचंदनगर आमच्याच शिवारात वसले. आमच्या घराघरात कोणी ना कोणी साखरेच्या कामात आहे.

माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे निर्वात कढईतला पाक सांभाळणारा माणूस. उसाचा रस आटून घट्ट झाला की तो या बंद कढईत येतो आणि तिथे त्याचा दाणा धरतो. दाणा धरायचा क्षण हुकला तर सगळा माल बिघडतो: एक तर बारीक भुगा होतो, नाहीतर दाण्याला दाणा चिकटून गठ्ठे होतात. अण्णा कढईच्या अंगातली पितळी दांडी फिरवून थेंबभर पाक काचेच्या पट्टीवर घेत, दिव्यापुढे धरत आणि डोळे बारीक करून बघत. यंत्रे नंतर आली. त्यांच्या पिढीने साखर डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखली.

धाकटी बहीण न्यूरेंबर्गला नोकरीला आहे. तिच्याकडे डिसेंबरात गेलो तेव्हा चर्चसमोरच्या चौकात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखाली, मी त्या कढईवाल्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. साखर, थोडे पाणी आणि दालचिनी उकळत होती. त्यात त्याने सालासकट बदाम ओतले. पाणी आटत गेले, पाकाला तार आली, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. मग एका क्षणी पाकाची सगळी चकाकी गेली. जो पाक आतापर्यंत काचेसारखा होता तो बघता बघता वाळूसारखा कोरडा आणि रवाळ झाला आणि बदामांना चिकटला. नवख्या माणसाला वाटेल, बिघडले. कढईवाला मात्र थांबला नाही. आच तशीच ठेवून तो ढवळत राहिला. वाळूचा काही भाग पुन्हा वितळला, तांबूस झाला, बदामांवर ओबडधोबड, चकचकीत कवच चढले. मग सगळे पत्र्याच्या परातीत उलटे केले, लाकडी उलथन्याने सुटे केले, आणि कागदाच्या निमुळत्या पुड्यांत भरले.

जे काम अण्णा बंद कढईत करत तेच हा माणूस उघड्यावर करत होता. पाक साखरेने इतका भरायचा की ती त्यात मावेनाशी होईल, मग तिला दाणा धरायला लावायचे. संक्रांतीचा काटेरी हलवा करणारी बाई हेच करते. फक्त ती मंद शेगडीवर तिळावर चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी फिरवते आणि तिला दिवस लागतात, याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. म्हणून मला या बदामांचे कूळ शोधावेसे वाटले. शोधता शोधता वाट आमच्याच गावात आली.

आधी बाजाराचे. नाताळ बाजार म्हटले की आज दिवे, गाणी आणि लाकडी खेळणी डोळ्यांपुढे येतात. पण त्याचा जन्म पोटाच्या सोयीसाठी झाला. थंडी पडायच्या आत घरात मांस, पीठ, लोकर, भांडीकुंडी भरून ठेवायची, एवढाच त्याचा हेतू. व्हिएन्नात तेराव्या शतकाच्या अखेरीस डिसेंबरात बाजार भरवायची परवानगी मिळाली. बाउत्सेन गावाला १३८४ साली नाताळपर्यंत दर शनिवारी मांसाचा बाजार भरवायची मुभा होती. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ चा. तोही सुरुवातीला एका दिवसाचा मांसबाजारच होता. उपास संपवून सणाच्या जेवणाला लागणारे मांस लोकांनी आदल्या दिवशी घ्यावे म्हणून. न्यूरेंबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे १६२८ सालची एक रंगवलेली लाकडी डबी. बाजारातून आणून भेट दिल्याचा मजकूर तिच्यावर आहे आणि ती आजही तिथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. शंभर वर्षांनी, १७३७ साली, या बाजारात माल विकायचा हक्क असलेल्या सुमारे १४० जणांची यादी मिळते. म्हणजे तोवर गावातले जवळजवळ सगळे कारागीर तिथे बसू लागले होते. आपल्याकडे जत्रेत देवदर्शनाइतकेच महत्त्व बैलबाजाराला असते, तसाच हा व्यवहार होता.

या बाजारात गोड आले ते मधाचे. न्यूरेंबर्गभोवतालचे जंगल मधमाश्यांसाठी प्रसिद्ध होते. झाडांवरची पोळी सांभाळणाऱ्यांना चौदाव्या शतकात सम्राट चौथ्या कार्लने खास हक्क दिले होते. त्या मधात पीठ आणि मसाले मळून लेबकूखन नावाची जाड, मऊ मसाला-बिस्किटे तिथे होत. न्यूरेंबर्गला ती करणाऱ्याचा उल्लेख १३९५ चा आहे आणि त्यांचा स्वतंत्र संघ १६४३ साली झाला. शहर होते व्यापाराच्या हमरस्त्यावर. व्हेनिसहून आल्प्स ओलांडून येणारे मिरी, सुंठ, लवंग, जायफळ इथे उतरत. मध जंगलातला, मसाला समुद्रापलीकडचा. दोन्ही एकाच वेशीत मिळत होते, म्हणून ही बिस्किटे न्यूरेंबर्गचीच झाली.

इथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. व्हेनिसला बगल देऊन मिरी थेट हिंदुस्थानातून आणता येते हे वास्को द गामाने दाखवल्यावर दक्षिण जर्मनीतले सावकार स्वस्थ बसले नाहीत. १५०५ साली पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिश्कु द आल्मैदाचे जे आरमार लिस्बनहून निघाले, त्यातल्या तीन जहाजांत जर्मन आणि इटालियन पैसा होता. आउग्सबुर्गचे फुगर आणि वेल्झर होते, तसेच न्यूरेंबर्गचे इमहोफ आणि हिर्शफोगेलही. बाल्थाझार श्प्रेंगर नावाचा त्यांचा माणूस जहाजावर होता. त्याने लिहिलेला प्रवासवृत्तान्त चारच वर्षांत जर्मनीत छापून निघाला. हे आरमार आफ्रिकेचा किनारा करून प्रथम टेकले ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. तेच बेट आज गोवा राज्यात आहे. तिथे त्यांनी किल्ला बांधायला घेतला आणि मग मिरी भरायला ते कण्णूर-कोचीकडे गेले. नाताळच्या बिस्किटातला सुंठ-मिऱ्याचा चटका चाखताना हा रस्ता आठवावा असे मला मनापासून वाटते. तो रस्ता तोफांच्या जोरावर उघडलेला होता, हेही त्याबरोबर आठवावे.

ड्रेस्डेनच्या श्टोलनची गोष्ट तर थेट पोपपर्यंत पोचते. श्टोलन म्हणजे बेदाणे आणि साखरेत मुरवलेली फळांची साल घातलेला लांबट पाव, वरून पिठीसाखरेची पांढरी चादर. नाताळच्या आधीचे चार आठवडे उपासाचे, दूध-लोणी वर्ज्य. म्हणून जुना श्टोलन नुसता पीठ, पाणी आणि तेलाचा, तोंडात फिरवावा लागेल असा कोरडा असे. सॅक्सनीच्या राजघराण्याने लोण्यासाठी अर्ज केला आणि १४९१ साली पोप आठव्या इनोसंटने परवानगी दिली. अट एक, लोणी वापरणाऱ्यांनी दंड भरावा. त्यातला पैसा फ्रायबेर्गच्या मोठ्या चर्चच्या बांधकामाला गेला. त्या पत्राला आजही ‘लोण्याचे पत्र’ म्हणतात.

आता साखर. ती या सगळ्या पंगतीत फार उशिरा आली, आणि आली तेव्हा बाजाराच्या टपरीवर न येता औषधी विकणाऱ्याच्या काउंटरवर आली.

उसाची मूळ जात न्यू गिनीकडची. पण रस आटवून त्याचा कोरडा, साठवता येणारा दाणा करायची विद्या हिंदुस्थानात पक्की झाली, गुप्तकाळाच्या आसपास. सातव्या शतकात चीनच्या तांग सम्राटाने ती शिकून यायला माणसे मगधाला धाडली, अशी तिथल्या इतिहासात नोंद आहे. पश्चिमेकडे ती इराणात गेली, तिथून अरबांबरोबर इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत. युरोपच्या सरदारांनी ती चाखली धर्मयुद्धांच्या काळात. त्यानंतर कित्येक शतके साखर हा तिकडे मसाला होता. गुंजेच्या मापाने विकला जाणारा, पोट बिघडले तर द्यायचा. बडीशेप किंवा बदाम साखरेत घोळवून जेवणानंतर चघळायचे, ते पचनासाठी. आणि ते परवडे फक्त राजाला, बिशपला आणि न्यूरेंबर्गच्या मिरी-सावकाराला. साखरबदामाचा हा पहिला अवतार. मग तो शेतकऱ्याच्या पोराच्या हातातल्या कागदी पुड्यात कधी आला?

त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर लिहिताना हात जड होतो. कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाचे बेणे कॅरिबियन बेटांवर नेले. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लाखो माणसांच्या रक्तावर साखरेचे मळे उभे राहिले. अठराव्या शतकात युरोपच्या दुकानात साखर स्वस्त झाली ती तिकडे माणूस स्वस्त झाला म्हणून. गुलामगिरी ब्रिटिशांनी १८३४ पासून कायद्याने बंद केली, आणि त्याच वर्षी मॉरिशसच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत रत्नागिरीकडची कोकणी माणसे होती. मॉरिशसचा मराठी समाज म्हणजे त्यांचेच वंशज. आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. परदेशातला नाताळ पहिल्यांदा पाहणाऱ्या सामान्य मराठी माणसांत ही मंडळी मोडतात, आणि त्यांनी तो पाहिला उसाच्या फडात उभे राहून.

दुसरे उत्तर बर्लिनचे आहे. १७४७ साली आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बिटाच्या चकत्या वाळवून, मद्यार्कात उकळून त्यातून गोड खडे वेगळे केले. ते खरोखर साखरेचेच आहेत का, हे ठरवायला त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाणा बघितला आणि उसाच्या साखरेच्या दाण्याशी ताडून पाहिला. दोन्ही एकच. अण्णांची काचेची पट्टी आणि मार्गग्राफची काच यांत मला फरक दिसत नाही. त्याच्या शिष्याने, फ्रान्त्स आखार्डने, गोडी जास्त असलेले पांढरे बीट निवडून वाढवले आणि प्रशियाच्या राजाच्या कर्जावर सायलेशियात कुनर्न इथे बीट साखरेचा पहिला कारखाना काढला. १८०२ साली तिथे पहिला हंगाम झाला. तेव्हाच्या बिटात पाच-सहा टक्केच साखर असे, आज ती सतरा-अठरा टक्क्यांवर आहे. मग नेपोलियनने ब्रिटिश मालाला युरोपचे दरवाजे बंद केले, कॅरिबियन साखर येईना, आणि बिटाला सुगीचे दिवस आले. १८८० च्या सुमारास जगातल्या साखरेत बिटाने उसाला मागे टाकले.

माझे म्हणणे असे की आज आपण जो ‘पारंपरिक’ नाताळ बाजार बघायला जातो, तो बराचसा या बिटाने घडवलेला आहे. बाजाराची जागा जुनी, परवानग्या जुन्या, लेबकूखन जुने. पण टपरीटपरीवर साखरेचे हृदय, साखरेचा तुषार, साखरेत तळलेले आणि घोळलेले, हा गोडाचा पूर एकोणिसाव्या शतकातला आहे. साखर किलोने मिळू लागल्याशिवाय कोणी ती चौकात उघड्या कढईत उकळत नाही.

आणि तीच बीट साखर आपल्या दारात आली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीतली सरकारे निर्यातीवर बक्षिसी देत. त्यामुळे तिकडची साखर १८९० च्या दशकात मुंबईच्या बाजारात इथल्या साखरेपेक्षा स्वस्त पडू लागली. ज्या देशाने जगाला दाणा दिला त्याच्या वाण्याच्या दुकानात आता हांबुर्गची पोती येऊ लागली. देशी खांडसरीवाले आणि गूळवाले हवालदिल झाले. तक्रारी इतक्या वाढल्या की व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारने १८९९ साली या बक्षिसीच्या साखरेवर भरपाईची जकात बसवली. पुढे १९०२ च्या ब्रुसेल्स कराराने बक्षिसीचा खेळच थांबला. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर विलायती साखरेवरही बहिष्कार पडला. जनावरांच्या हाडांच्या कोळशातून ती गाळतात, हे कळल्यावर अनेक घरांनी तिला स्वयंपाकघराबाहेर काढले.

पुढे जर्मनीची जागा जावाच्या साखरेने घेतली. तिला आळा घातला १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने. आयात साखरेवर जबर जकात बसली आणि देशात कारखाने उगवू लागले. १९३१-३२ साली ते तीसेक होते, पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. त्यांतलाच एक कळंबला.

आमच्या भागात ऊस आधीही होता. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला तसा पुरंदर, बारामती आणि इंदापूरचा माळरान पट्टा हिरवा झाला. सासवडच्या माळी बागाइतदारांनी कालव्याच्या कडेने येऊन ऊस लावला. जागोजागी गुऱ्हाळे लागली. मोठ्या काहिलीत रस उकळायचा, भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी वर आणायची, गुळव्याने पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघायची आणि बरोबर वेळेला काहील उतरवायची. १९१४ साली दौंडहून बारामतीपर्यंत छोटी रेल्वे आली आणि गुळाच्या ढेपा बाहेर जाऊ लागल्या. पण साखर नव्हती. पांढरा दाणा बाहेरूनच येई.

सोलापूरचे वालचंद हिराचंद बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले. १९१९ साली त्यांनी सिंदिया कंपनी काढून ‘लॉयल्टी’ जहाज लंडनला धाडले होते. मार्सलँड प्राइस ही १९०८ ची बांधकाम कंपनी, जिचे पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाले, त्यांच्या हाती होती. तिने कळंबच्या खडकाळ जमिनी घेऊन कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर तिथे कारखान्याचा भोंगा वाजू लागला. वसाहत उभी राहिली, शाळा आल्या. कळंबची माणसे शेतमजुरीतून फिटर, टर्नर आणि पॅनमन झाली. पुढे याच वालचंदनगरने दुसऱ्यांच्या साखर कारखान्यांची यंत्रे बांधली आणि इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचेही. नाशिक जिल्ह्यात रावळगावला वालचंदांचा जो दुसरा साखर कारखाना होता, त्याने १९४० च्या दशकात साखरेच्या गोळ्या करायला घेतल्या. पान पसंद आणि मँगो मूड खाऊन दोन-तीन पिढ्या वाढल्या. २०२४ साली ती नावे रिलायन्सकडे गेली.

आमच्या शेतकऱ्यांचा रोजचा एक शब्द घ्या: ब्रिक्स. ऊस तोडणीला आला का हे बघायला कांड्याचा थेंब हातातल्या दुर्बिणीसारख्या नळीत टाकतात आणि म्हणतात, ब्रिक्स एकवीस आलाय, आता टोळी आणा. तो अडोल्फ ब्रिक्स एकोणिसाव्या शतकातला जर्मन गणिती. साखरेच्या द्रावणाची घनता आणि गोडी यांचे कोष्टक त्याचे. ती नळी ज्या तत्त्वावर चालते त्याचे उपकरण येना गावच्या अर्न्स्ट आबेने बनवले. बिटासाठी झालेली ही सगळी विद्या उसाला जशीच्या तशी लागू पडली.

सहकाराचेही तसेच. १८४६-४७ च्या दुष्काळात गावकऱ्यांसाठी भाकरीची सोय करणाऱ्या फ्रीडरिश राइफाइझेन या जर्मन गावप्रमुखाने पुढे शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभारल्या. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सनने त्यांचा अभ्यास करून सरकारला अहवाल दिला. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. त्या झाडाला पुढे प्रवरेच्या काठी साखरेचे फळ लागले: विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कष्टांतून लोणीला सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ साली झाला. मग आमच्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, पुढे बिजवडीचा आणि रेड्याचा. आणि न्यूरेंबर्गहून व्युर्झबुर्गच्या दिशेला माइन नदीकाठी ओक्सेनफुर्टचा जो बीट कारखाना आहे, त्याची मालक झ्युडत्सुकर ही कंपनी, आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा. नाताळ बाजाराच्या जवळचा हा मोठा साखर कारखाना. त्याचे धनी आमच्यासारखेच सभासद शेतकरी आहेत.

बहिणीबरोबर त्या बाजूला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला शेताच्या बांधावर बिटाचे लांबच लांब ढीग, थंडीने गोठू नयेत म्हणून पांढऱ्या कापडाखाली झाकलेले. एक अजस्र यंत्र ढिगाच्या एका टोकाने बीट उचलत, माती झाडत ट्रकमध्ये टाकत होते. यंत्रावर एक माणूस. एवढ्या मोठ्या रानात मला दिसलेला शेतमजूर तो एवढाच.

त्याच दिवसांत आमच्याकडे टोळ्या उतरलेल्या असतात. बीड, अहिल्यानगरकडून दसरा-दिवाळी आटोपून निघालेली नवरा-बायकोची जोडी. हिशेबात त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, पहाटेच्या काळोखात बोचऱ्या थंडीत तोडणी, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॉलीवर चढवायच्या. बायका गरोदरपणातही मोळ्या वाहतात. पोरांची शाळा हंगामभर सुटते. साखरशाळा निघाल्या, पण सगळ्या फडांपर्यंत त्या पोचल्या नाहीत. अलीकडे तोडणी यंत्रे दिसू लागली आहेत, कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळही झाले. तरी आमच्या साखरेच्या कुळात हा कोयता अजून मजूर म्हणूनच उभा आहे. शेतकरी सभासद झाला, पॅनमन कायम झाला, त्याला पगारी रजा, भविष्यनिधी मिळाला. तोडणाऱ्याला हजेरीचा कागदही धड मिळत नाही. कॅरिबियन मळ्यांचा इतिहास वाचून हळहळणाऱ्या आपण आपल्या गावाबाहेरच्या कोपीकडे बघितले पाहिजे. ओळखपत्र, विमा, पोरांसाठी हंगामी वसतिगृह आणि फडावर पिण्याचे पाणी, एवढे कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत उभे राहून मागितले तर ते होऊ शकते. मागणारा आवाज सभासदाचाच लागतो, कारण तोडणी कामगाराला त्या सभेत खुर्ची नसते.

बदामांचे सांगायचे राहिले. जगातले बहुतेक बदाम आता कॅलिफोर्नियात पिकतात. नाताळ बाजारातले सगळे तिथलेच असतील असे नाही, पण पुष्कळसे असतात. दालचिनी श्रीलंका-इंडोनेशियाकडची. साखर तेवढी बहुधा जर्मनीतल्याच शेतातली. जिला आपण युरोपातली खास नाताळची चव म्हणतो, ती अशी तीन खंडांची आहे. गोव्यातल्या नाताळच्या फराळाचे, कुसवाराचेही तेच नाही का? नेवऱ्यो, दोदोल, कलकल यांच्यात नारळ, तांदूळ आणि गूळ इथला, काही घाट पोर्तुगीज. शेजारच्या हिंदू घरी ते ताट नाताळला जाते आणि चवथीचे ताट उलट येते.

इंदापूर-बारामतीकडची पुष्कळ मुले आता जर्मनीत शिकतात, नोकऱ्या करतात, आणि आईवडील डिसेंबरात तिकडे जातात. त्यांना दोन गोष्टी सांगतो. न्यूरेंबर्गला शनिवार-रविवारी चौकात पाऊल ठेवायला जागा नसते. मधल्या वारी, दुपारी जा. मांसाहार नसेल तर बटाट्याचे थालीपीठवजा पॅनकेक सफरचंदाच्या गरासोबत मिळतात, आणि गरम वाइन नको असेल तर मुलांसाठीचा बिनदारूचा मसालेदार रस मागा. कपाचे अनामत पैसे कप परत केला की मिळतात. बर्लिनला गेलात तर तंत्रज्ञान संग्रहालयातले साखरेचे दालन चुकवू नका. १९०४ साली उघडलेल्या, जगातल्या सर्वांत जुन्या साखर संग्रहालयाचा वारसा तिथे ठेवला आहे. मार्गग्राफ आणि आखार्डची कहाणी तिथे बघायला मिळते, आणि मळ्यांवरच्या गुलामांचीही. मुलांना ते दालन दाखवा आणि आपल्या घरात साखरेचे काम कोणी कोणी केले ते तिथेच उभे राहून सांगा.

तिकिटे काढताना तारीख मात्र बघून घ्या. नाताळच्या दिवशी बाजार असेल म्हणून अनेक जण २५ डिसेंबरला पोचतात आणि रिकामा चौक बघून परततात. न्यूरेंबर्गचा बाजार २४ तारखेला दुपारीच उठतो. साखर कारखाना, तिथला आणि इथला, त्या दिवशीही तिन्ही पाळ्यांत चालू असतो.